पूर्ण समाधानी ग्राहकाची गळती

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे यावं, कारण हे आख्यान वरच्या पट्टीत सांगण्यासारखं नाही. यात एका भल्या माणसाची फजिती आहे आणि भल्या माणसाची फजिती हळू आवाजातच सांगावी. यात राजा नाही, राक्षस नाही, आकाशातून पडणारी फुलं नाहीत. एक मोटार आहे, तिच्या पोटाखालून पडणारा हिरवा थेंब आहे आणि ‘छान’ यापलीकडे दुसरा शेरा तोंडातून न निघणारा एक गृहस्थ आहे. एवढ्या तुटपुंज्या सामानावर गोष्ट उभी करायची आहे. तुम्ही हसाल, हे वचन. शेवटी क्षणभर गप्प व्हाल, ही नुसती आशा.

तर, या गृहस्थांना सगळी इमारत छानकाका म्हणायची. काका पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. काम कसलं, तर गळतीच्या तक्रारी घ्यायच्या खिडकीत बसायचं. बाहेर रांग, आत काका. कुणाचा नळ ठिबकतोय, कुणाच्या दारापुढं पाइप फुटून तळं साचलंय. लोक यायचे ते भांडणाचा चेहरा घरूनच घालून. कपाळावरची शीर फुगलेली, बोट उगारलेलं, तोंडातून शब्दांआधी तुषार. वर्षानुवर्षं हे दर्शन घडल्यावर काकांनी मनाशी नेम धरला, की आपण कुणाच्या खिडकीसमोर असला चेहरा घेऊन उभं राहायचं नाही. मोठा सात्त्विक नेम! पण सात्त्विक नेमाचं असं असतं, की पुण्य पाळणाऱ्याला लागतं आणि मनस्ताप घरच्यांना.

सलूनवाल्यानं एकदा त्यांच्या डाव्या कानावरचे केस गरजेपेक्षा जास्त उडवले आणि आरसा धरून विचारलं, ‘कसं काय?’ काका म्हणाले, ‘छान.’ तेव्हापासून दर महिन्याला तो त्यांना आग्रहानं तसेच कापून देतो. घरातला फ्रिज जांभळा आहे, कारण दुकानातल्या विक्रेत्यानं तो गोदामातून स्वतः ओढत आणला होता आणि त्याला घाम आला होता. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, “तुमच्या भिडेपायी या घरात एक वस्तू आपल्या आवडीची नाही. आणि मलासुद्धा तुम्ही पहिल्या भेटीत छान म्हणाला होतात. ते भिडेनं की मनापासून, याचा शोध माझा अजून चालू आहे.”

“अगं, काहीतरीच काय? छान बोलतेस तू,” काका म्हणाले, आणि शोध पुढे चालू राहिला.

आता मोटारीकडे वळू. गाडी तशी प्रौढ, पण नीट राखलेली. नेमानं सर्व्हिसिंगला जायची. त्या दिवशी काका ती परत आणायला गेले तेव्हा काउंटरवर एक मुलगी होती. काकांना मुलगी असती तर एवढीच असती. तिनं किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही.

“काका, ऑइल बदललं, कूलंट बदललं, आतून पुसून घेतली. आता एक विनंती. तुम्ही फाटकाबाहेर पडाल न पडाल तोच फोन येईल. दहापैकी किती गुण द्याल, असं विचारतील. दहा म्हणाल ना?”

“म्हणजे काय! छानच केलंय सगळं.”

“नऊ नका म्हणू हं. नऊ म्हटलं की आमच्याकडे शून्य धरतात.”

काकांना हा हिशेब झेपेना. शाळेत एकदा त्यांना दहापैकी नऊ पडले होते तेव्हा वडिलांनी उत्तरपत्रिका गल्लीभर फिरवली होती. “असं कसं गं?”

“असंच आहे.” तिनं मागे मॅनेजरच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “महिनाअखेरीला माझं ठरणार आहे. कायम करायचं की अजून तात्पुरतंच ठेवायचं. एकही खराब शेरा नसला तर कायम. आतापर्यंत नाहीये एकही. आईला सांगून ठेवलंय मी, की या महिन्यानंतर तू दुसऱ्यांच्या घरची कामं सोडायचीस.”

काका गाडीत बसले, फाटकाबाहेर पडले आणि खरोखरच फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घेतली, जणू राष्ट्रगीतासाठी उभं राहावं तसे ताठ बसले आणि म्हणाले, “दहा.” मग राहवेना म्हणून विचारलं, “अकरा देता येतील का?”

“दहापर्यंतच सोय आहे, सर. आपण पूर्ण समाधानी आहात, अशी नोंद करते.”

“करा, करा.”

इथं घटकाभर थांबू या. जीभ हलवली की मिळतं असं पुण्य आपल्याला भारी आवडतं. पदरमोड नाही, धावाधाव नाही, आणि दिवसभर छातीत ऊब. काका त्या ऊबेत घरी आले, छान जेवले, छान झोपले. गाडीखाली वाकून पाहावं, असं काही त्यांना सुचलं नाही. गुडघेही साथ देत नव्हते म्हणा.

सकाळी अंगणातून हाक आली, “छानकाका! खाली या! तुमची गाडी रडतेय!”

हाक तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांची. कोर्ट सोडून त्यांना बराच काळ लोटला होता, पण कोर्टानं त्यांना सोडलेलं नव्हतं. दूधवाल्याशी बोलतानाही ते ‘माझ्या अशिलाचं म्हणणं असं’ अशी सुरुवात करत. अशील म्हणजे स्वतःच. काका खाली पोचले तेव्हा साहेब गाडीपुढं उकिडवे बसून एक बोट ओलं करून वास घेत होते.

“हिरवं आहे. गोडसर वास. कूलंट! इंजिन थंड ठेवायचं पाणी. काल सर्व्हिसिंग, आज गळती. सरळ हलगर्जीपणा आहे. पुरावा ताजा आहे, हात लावू नका.”

“तुम्हीच लावलाय,” वरच्या गॅलरीतून आवाज आला. तिथं हेडबाई उभ्या होत्या. एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ‘बसा’ म्हटलं की रस्त्यावरून जाणारा माणूसही बसायला जागा शोधायचा. “आणि लावलाच आहे तर ते बोट तोंडात घालू नका. विषारी असतं ते. माझी मांजरी तिथंच झोपते. काका, हे आजच्या आज बंद झालं पाहिजे. तक्रार करा.”

तक्रार! काकांच्या डोळ्यांपुढं तक्रार-बिक्रार काही आलं नाही, ती काउंटरवरची मुलगी आली. खाली आणलेला तिचा आवाज आला. पूर्ण समाधानाची नोंद रद्द होणार, खराब शेरा बसणार आणि महिनाअखेर तर तोंडावर.

“धुतल्याचं पाणी असेल,” ते म्हणाले.

“हिरवं?” वकीलसाहेबांनी उलटतपासणीला सुरुवात केली.

“हिरव्या साबणानं धुतली असेल. छान धुतात ते.”

तिथून जो उद्योग सुरू झाला तो जगात आजवर कुणी केला नसेल. आपल्या गाडीची गळती बायकोपासून, शेजाऱ्यांपासून आणि ज्यांनी ती करून ठेवली त्या सर्व्हिस सेंटरपासूनही महिना संपेपर्यंत लपवायची!

तुम्ही म्हणाल, जाऊन त्या मुलीलाच हळूच सांगायचं होतं. काका गेले होते. गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करून, पायी, चोरासारखे. तिनं त्यांना पाहताच खुर्ची दिली, चहा मागवला. काका शब्द जुळवत होते तोवर तीच म्हणाली, “काका, तुमच्या दहानं माझा दिवस गोड झाला. नाहीतर बघा, या शेजारच्या टेबलावरचा. त्याची एक गाडी सर्व्हिसिंगनंतर परत आली, दुरुस्तीला. ग्राहकानं तक्रारसुद्धा केली नव्हती. पण गाडी परत आली म्हणजे शेरा बसतोच. त्याचं कायम होणं गेलं पुढं. तुम्ही काय काम काढलंत?”

“काही नाही. सहज. चहा छान आहे.”

चहात साखर नव्हती.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडेही गेले. त्यानं बॉनेटवरचं सर्व्हिस सेंटरचं चिकटपत्र पाहिलं आणि हात मागे घेतले. “यांच्या गाडीला मी नाही शिवणार, साहेब. मागं एकाची उघडली, तर सगळं माझ्यावर ढकलून मोकळे झाले. तुमची हमीसुद्धा जाईल. आधी त्यांच्याकडे तक्रार करा.” मग काकांनी स्वतःच घरी बॉनेट उघडलं. आत अनेक नळ्या, वायरी आणि डबे होते. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडल्यावर आपण ज्या अदबीनं बंद करतो, त्या अदबीनं त्यांनी ते बंद केलं. ज्या माणसानं उभं आयुष्य गळतीच्या खात्यात घालवलं त्याला गळती कुठून आहे हे दिसू नये, याचा त्यांना फार अपमान वाटला. पण खात्यातही ते गळती बघायला कधी जात नसत. नोंद करून पुढच्या टेबलाकडे पाठवत.

उरला एकच मार्ग. जेवढं गळेल तेवढं भरायचं आणि गळलेलं लपवायचं. सकाळ-संध्याकाळ काका बाटली घेऊन खाली जात आणि बॉनेट वर करून प्लास्टिकच्या टाकीत पाणी ओतत. येणारे जाणारे विचारत, “काय काका, गाडीला पाणी पाजताय? दाणा-वैरण झाली का?” काका हसून म्हणत, “छान पिते.” थेंबाखाली ठेवायला त्यांनी स्वयंपाकघरातली परात पळवली. काकूंनी घर पालथं घातलं. शेवटी परात गाडीखाली सापडली, तीत हिरवं पाणी, आणि काठावर बसून हेडबाईंची मांजरी त्यात स्वतःचं तोंड न्याहाळत होती.

हेडबाईंनी गॅलरीतून जी किंकाळी फोडली तिनं तीन इमारतींतल्या खिडक्या उघडल्या. मांजरीला काही झालं नव्हतं, पण त्या दिवसापासून काकांवर राखण करायची पाळी आली. कामावरून आले की खुर्ची टाकून गाडीशेजारी बसायचं आणि मांजरी आली की हातातलं वर्तमानपत्र हलवायचं. दोन दिवसांत बातमी पसरली की छानकाकांना काकूंनी घराबाहेर काढलंय. भाजीवाल्यानं तर काकूंना हलकेच समजावलं, “जाऊ द्या ताई. या वयात पुरुषमाणूस कुठं जाणार?”

एवढं ऐकूनही स्वस्थ बसणाऱ्या काकू नव्हेत. त्या तडक वर आल्या, पदर खोचला आणि सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-क्रमांकावर फोन लावला. काका मागून धावत आले, पण जिन्यात गुडघ्यानं दगा दिला.

“गाडी गळतेय तुमची,” काकू म्हणत होत्या. “म्हणजे आमची. तुमच्यामुळे.”

पलीकडचा आवाज मधासारखा होता. “मॅडम, या गाडीच्या मालकांनी पूर्ण समाधानी अशी नोंद केली आहे. समाधानी ग्राहकाची तक्रार आम्हाला घेता येत नाही.”

“अहो, पण गळतेय!”

“त्यासाठी त्यांना आधी समाधान मागे घ्यावं लागेल. त्यांनी स्वतः. घेतात का?”

काकूंनी फोन काकांपुढं धरला. धापा टाकत काका म्हणाले, “नाही, नाही. समाधान आहे. छान आहे.” आणि फोन बंद केला.

काकूंनी जांभळ्या फ्रिजचं दार उघडलं आणि काही न काढताच धाडकन लावलं. मग एवढंच म्हणाल्या, “इतक्या वर्षांत मला वाटत होतं तुम्ही भिडस्त आहात. आता वाटतं तुम्हाला काहीतरी झालंय.” काकांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण काकूंना सांगावं तर मुलीसाठी डोळे पुसतील आणि मग तशाच ओल्या डोळ्यांनी जाऊन मॅनेजरची मानगूट धरतील, हे त्यांना पक्कं ठाऊक. काका गिळून बसले.

वकीलसाहेब मात्र पेटले होते. ‘समाधान मागे घेणेबाबत’ असा विषय घालून त्यांनी एक लांबलचक अर्ज लिहून आणला. त्यात समाधान हे फसवणुकीनं, घाईत आणि वाहन चालू असताना घेण्यात आल्याचं नमूद होतं. “फक्त सही करा. हा खटला मी फुकट लढवतो. नव्हे, मला लढवू द्या!” काकांनी अर्ज वाचला, अक्षर छान असल्याचं सांगितलं आणि घडी घालून खिशात ठेवला. साहेबांचा चेहरा असा पडला, की काकांना वाटलं, याला बरं वाटावं म्हणून तरी सही करावी. भीड कुठल्या कुठल्या दिशांनी ओढते बघा!

महिना संपायला एक दिवस उरला. काका सुटकेचा श्वास घेणार, इतक्यात हेडबाई दारात उभ्या. ठेवणीतले, कडक इस्त्रीचे कपडे, डोळ्यांना सोनेरी चष्मा, हातात भाषणाचे कागद.

“आज शाळेत माझा सत्कार आहे. टॅक्सी येत नाहीये. तुम्ही सोडाल.”

यातलं शेवटचं वाक्य प्रश्न नव्हता. काका म्हणाले, “छान.” काकू नवऱ्यावर नजर ठेवायला म्हणून निघाल्या आणि वकीलसाहेब गाडीवर नजर ठेवायला.

काकांना खात्याच्या ड्रायव्हरनं एक युक्ती सांगून ठेवली होती. इंजिन तापायला लागलं की गाडीच्या आतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, तेवढीच इंजिनाला उसंत. बाहेर भर दुपारचा उन्हाळा. डांबर मऊ झालेलं. दुसऱ्या चौकात तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि काकांनी हीटर सोडला.

“काका,” थोड्या वेळानं मागून हेडबाई म्हणाल्या, “ही गरम हवा येतेय का?”

“थोडी. आरोग्याला छान असते.”

“अहो, वेड लागलंय का? बंद करा ते!” काकू.

“बटण अडकलंय.”

“अशिलाचा गुदमरून मृत्यू झाल्यास,” वकीलसाहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, “जबाबदार कोण?”

चारही काचा खाली, आत भट्टी. शेजारच्या बसमधले लोक डोकावून पाहत होते. हेडबाईंची इस्त्री गेली, मग चष्म्यावर वाफ आली, मग भाषणाच्या कागदावर घामाचे थेंब पडून पहिला परिच्छेद वाहून गेला. शिस्तीच्या बाई. फक्त आरशात काकांकडे अशा पाहत होत्या, की काकांना अंगठे धरून उभं राहावंसं वाटलं. शाळा समोर दिसायला लागली आणि बॉनेटखालून फुस्स असा आवाज करून पांढऱ्या वाफेचा असा लोट उठला, की फाटकात फुलं घेऊन उभे असलेले लोक मागे पळाले.

हेडबाई उतरल्या, चालत फाटकापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “काका, उद्या सकाळी मला भेटा.” आणि सत्काराला गेल्या.

गाडी ओढून न्यायला जी व्हॅन आली ती त्याच सर्व्हिस सेंटरची. काकांनी ‘दुसरीकडे न्या हो’ म्हणून पाहिलं, पण व्हॅनवाल्याला एकच वाट ठाऊक होती. काकू आणि वकीलसाहेब दोन्ही बाजूंना, मधे काका, अशी वरात त्या काचेच्या दारातून आत शिरली. काउंटरवरची मुलगी उभी राहिली. गाडी पाहिली. काकांना पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

मॅनेजर बाहेर आला. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत हात घातला आणि म्हणाला, “कूलंटच्या होज पाइपची क्लिप सैल आहे. कुणी हात लावला होता?”

आणि आपल्या काकांनी आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं उच्चारलं.

“मी.”

“तुम्ही?” काकू म्हणाल्या. “अहो, घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण मी उघडून देते तुम्हाला!”

“मीच सैल केली. बघत होतो. यांचं काही चुकलेलं नाही. यांचं काम छान होतं.”

मॅनेजर खूश झाला. “असं आहे तर! ग्राहकानं स्वतः छेडछाड केली. म्हणजे आमची जबाबदारी नाही. पाणीपुरवठ्यात आहात ना आपण? पाइप कळतात असं वाटलं असेल.” आजूबाजूचे दोघं-चौघं हसले. काकांचे कान लाल झाले. खात्याची इज्जत, स्वतःची इज्जत, डाव्या कानावरच्या केसांची इज्जत, सगळी त्या फरशीवर सांडली होती. पण ते मान खाली घालून उभे राहिले. एकच दिवस, त्यांनी मनाशी म्हटलं. एकच दिवस राहिलाय.

मुलगी काउंटरच्या मागून बाहेर आली. “काका, इकडे बघा. क्लिप तुम्ही सैल केलीत?”

काकांनी बघितलं. आणि तिथं त्यांचं खोटं टिकेना. “उद्या तुझं कायम व्हायचंय ना गं,” ते पुटपुटले. “म्हटलं, महिना संपेपर्यंत कसं तरी भागवू.”

काकूंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. परात, खुर्ची, मांजरी, हीटर, सगळं.

तुम्हाला वाटेल, मुलीचे डोळे भरले असतील. नाही भरले. ती चिडली. “काका, मी तुमच्याकडे दहा मागितले होते. गाडी गळली तरी गप्प बसा, असं कुठं मागितलं? वाटेत काही झालं असतं तर? तुम्ही ‘छान’ म्हणालात म्हणून मला वाटलं, छान आहे!” आणि बोलता बोलता ती थांबली. मेकॅनिककडे वळली. “ज्या दिवशी यांची गाडी केली, त्या दिवशी क्लिपा कुणी लावल्या होत्या?”

“तो नवीन होता तो. आता सोडून गेला.”

“त्याच दिवशी अजून गाड्यांचं कूलंट बदललं होतं. सगळ्यांनी दहा दिलेत.” ती जागीच उभी राहिली. “सगळ्यांनी.”

मॅनेजर पुढं झाला, हळू आवाजात, समजुतीच्या सुरात. “आता यात नको पडूस. परवा बघू. महिना संपू दे. तुझंच नुकसान आहे.”

मुलीनं एकदा दाराकडे पाहिलं. आईला दिलेला शब्द तिला आठवला असणार, असं काकू नंतर सांगायच्या. मग ती खुर्चीत बसली आणि त्या दिवशीच्या एकेका ग्राहकाला फोन लावायला लागली.

आता माणसं कशी असतात बघा. पहिलेच गृहस्थ म्हणाले, “गाडी उत्तम आहे हो! दिले की दहा!”

“सर, जरा खाली वाकून बघता का?”

“बघितलंय. थोडं हिरवं हिरवं आहे. पण म्हटलं, कशाला उगाच कुणाच्या पोटावर पाय!”

दुसऱ्या बाई म्हणाल्या, रोज पाणी घालते, बरं चाललंय. तिसरा म्हणाला, माझी नाही गळत, आणि इतक्या घाईनं म्हणाला की सगळ्यांना कळलं, गळते. अर्ध्या गावात छानकाका भरले होते! मुलगी रडकुंडीला आली. “हे खरं सांगतच नाहीत.”

तेव्हा काका पुढे झाले आणि त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. सांगायला कचरणाऱ्या माणसाकडून गळती काढून घेणं, हे एकच काम त्यांना जन्मभर येत होतं. आवाज खिडकीतला झाला. “नमस्कार. थेंब पडतो की धार लागते? बरं. कधीपासून? रंग? काटा वर जातो का? नाही, नाही, तुम्ही कुणाचं वाईट करत नाही आहात. गाडी आता हलवायची नाही. आम्ही येतो.” एक झाला, दुसरा झाला. वकीलसाहेब पुढचा नंबर लावून देत होते, काकू सगळ्यांना पाणी देत होत्या. मॅनेजर काचेमागे जाऊन बसला.

शेवटच्या फोनवर एक माणूस होता, मागे पोरांचा गलका. सुट्टीला निघालो आहोत, म्हणाला, आता डोंगराची चढण लागेल, पायथ्याशी खायला थांबलो होतो, आता निघतोय. गाडी? छान आहे. काकांनी विचारलं, “काटा कुठं आहे?” तो म्हणाला, “जरा वर आहे, पण चालतंय.” फोन स्पीकरवर होता. पोरं ‘बाबा, चला ना’ म्हणत होती. काका ‘तुमची सुट्टी मोडतेय, पण’ असं अदबीनं सुरू करत होते. मुलीनं फोन ओढून घेतला आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली, की सगळं सेंटर वळून पाहायला लागलं, “सर, किल्ली काढा. आत्ता काढा. आमच्याकडून चूक झाली आहे. मी गाडी पाठवते, तोवर तिथून हलू नका.”

पलीकडे किल्ली काढल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, “बरं.” आणि पोरांना म्हणाला, “उतरा रे, अजून थोडं खेळा.”

ती मुलगी कायम झाली का, हेच ना तुम्हाला विचारायचंय? नाही झाली. परत आलेल्या गाड्यांची ओळ लागली, प्रत्येकीमागे शेरा बसला, आणि महिनाअखेरीच्या कागदावर तिच्या नावापुढं ‘तात्पुरती’ असंच राहिलं. वकीलसाहेबांनी तिच्या बाजूनं एक अर्ज लिहिलाय, या खेपेला काकांनी त्यावर सही केली आहे आणि हेडबाईंनी शुद्धलेखन तपासलं आहे. त्याचं उत्तर यायचंय. तोवर तिची आई सकाळी लोकांच्या घरी कामाला जाते, आणि ती त्याच काउंटरवर बसते.

पायथ्याशी उतरलेल्या त्या पोरांनी त्या दुपारी झाडाखाली मनसोक्त धुडगूस घातला असेल. सुट्टीचा एक दिवस वाया गेला म्हणून कुरकुरलीही असतील. पुढची वाट कशी होती आणि ती कुणी अडवली, हे त्यांना ठाऊक नाही. कधी कळणारही नाही. मग आठवण ठेवायचं काम राहिलं कुणाकडे? आपल्याकडे. तेव्हा देवापुढं हात जोडाल, घरच्यांसाठी मागून होईल, तेव्हा लगेच उठू नका. घटकाभर बसा, आणि काउंटरवरच्या त्या मुलीची आठवण काढा.